अठ्ठ्याण्णव किलोंचा नवस

सानिकाच्या वजनाची चौकशी जिनं कधीच केली नव्हती अशी जगात एकच बाई उरली होती, ती म्हणजे गावची नवलाई देवी. मागच्या नवरात्रात तिनंही केली.

झालं असं की सानिकाच्या धाकट्या भावाचं, संदेशचं लग्न जमता जमेना. मुंबईत नोकरी, कांदिवलीला भाड्याची खोली, निर्व्यसनी मुलगा. तरी दोनदा सुपारी फुटून मोडलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून घराचा कारभार चिमाआत्याच्या हाती होता. चिमाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. रत्नागिरीत दोन गल्ल्या सोडून राहायची, पण जीव सगळा माहेरच्या भानगडींत. तिनं फर्मान काढलं की गावी जाऊन देवीला कौल लावायचा. मग सगळे संगमेश्वराजवळच्या आंबेकोंडात गेले. केरू गुरवानं देवीला ओले तांदूळ लावले, एकेक प्रश्न घातला, आणि उजवा, म्हणजे होकाराचा कौल आला तो यावर: घरात जुना नवस फेडायचा राहिलाय.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. सानिकाच्या आईनं, कमळानं, तेवढं जमिनीकडे बघितलं.

मग हळूहळू बाहेर आलं. सानिका सातव्या महिन्यात झाली. दीड किलो वजन, कापसात गुंडाळून ठेवलेली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही मान हलवली, तेव्हा कमळानं नवस केला की पोर जगली तर देवीला तिची गुळाची तुला करीन. पोर जगली. तुला तेवढी राहिली. होता होता तेहतीस वर्षं उलटली.

चिमाआत्यानं सानिकाला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघून घेतलं. ती म्हणाली, तेव्हाच फेडला असतास कमळा, तर एका वाटीभर गुळात भागलं असतं.

देवळात सगळे हसले. सानिकाही हसली. अंगानं भरलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. आपल्यावरच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी आपण हसायचं, म्हणजे लोक म्हणतात, पोरगी खेळकर आहे हो.

नवस शिमग्यात फेडायचा ठरलं. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर येऊन बसते, नवस तिथंच फेडले जातात, आणि मुंबईचे झाडून सगळे चाकरमानी गावात असतात. म्हणजे सानिकाला जोखायचं ते अख्ख्या गावासमोर. काटा कुठून आणायचा हा प्रश्न पडला, तोही केरूनं चुटकीसरशी सोडवला. देवरूख रस्त्याला लाकडाची वखार होती, तिथला मोठा काटा मागायचा. ओंडके तोलतो तो, त्याला काही होणार नाही, असं त्यानं भाविकपणे सांगितलं.

परतीच्या एसटीत सानिका खिडकीला टेकून बसली होती. तिला एकच काळजी लागली होती. लाकडाच्या वखारीच्या काट्यावर, हजार डोळ्यांसमोर, खाली मान न घालता बसायचं कसं? असं बसलेली, आपल्यासारखी एखादी बाई आपण कधी पाहिलीय का? आठवून आठवून हातखंब्यापर्यंत आली, एकही आठवली नाही.

आता तुम्ही म्हणाल, आदर्श तर घरातच होता. होता ना. चिमाआत्याची सून ईशा.

ईशा पाच वर्षांपूर्वी लांज्याहून सून म्हणून आली तेव्हा चांगली गोलमटोल होती. लग्नाच्या फोटोत तिचा नवरा हर्षद तिच्या मागे अर्धा झाकला गेलाय. वर्षभरात चिमाआत्यानं तिला असं काही वळण लावलं की चोवीस किलो उतरले. मग ईशानं एका कंपनीची भुकटी विकायला घेतली. दुधात कालवायची, जेवणाऐवजी प्यायची. तिनं बायकांचा ग्रुप काढला, 'नवी मी' नावाचा. त्यावर रोज सकाळी तिचे दोन फोटो यायचे, आधीची ईशा आणि नंतरची ईशा. आधीची ईशा हसत होती. नंतरची पोट आत घेऊन उभी होती. अख्ख्या घराण्यात 'ईशाकडे बघ' हे वाक्य 'जेवलीस का' इतक्या सहज बोललं जायचं, आणि बहुधा त्याच्याच जागी.

सानिकाला ईशा आवडायची नाही असं नाही. पण ईशाकडे बघितलं की तिला भूक लागायची. त्याला आदर्श म्हणत नाहीत.

म्हणून तिनं आपला आदर्श आपण शोधायचं ठरवलं. कचेरीत ती आवक-जावकच्या टेबलावर होती, दुपारी तीननंतर आवकही नसे आणि जावकही नसे, मग फोन हातात घेऊन ती जगभरच्या जाड बायका धुंडाळू लागली. आणि अहो, होत्या की. ढिगानं होत्या. एक दिल्लीची होती, 'माझं शरीर, माझा मान' म्हणून आरशासमोर नाचायची. सानिकानं तिचे एकूण एक व्हिडिओ बघितले, एकावर बदामसुद्धा टाकला. ती पहिलीच बाई, जी आपल्या दंडांकडे शत्रू म्हणून बघत नव्हती. दिवाळीच्या सुमारास ती गायब झाली. डिसेंबरात आली ती निम्मी होऊन. रडत रडत म्हणाली, मी स्वतःवर खरं प्रेम करायला आता शिकले. व्हिडिओखाली पोटात टोचायच्या इंजेक्शनची जाहिरात होती.

दुसरी एक मॉडेल सापडली, मुंबईची. मोठ्या मापाच्या कपड्यांचा चेहरा म्हणून तिचा गाजावाजा होता. सानिकानं फोटो मोठा करकरून बघितला. त्या बाईला कंबर होती. तिला गळ्याचं हाडही होतं. आंबेकोंडात तिला बायकांनी दूध-अंडी सुरू करायला सांगितली असती. असल्या बाईला जाड म्हणणाऱ्यांनी आपल्याला काय म्हणावं, हा विचार सानिकानं लगेच मिटून टाकला. तिसरी एक विनोदी नटी होती, ती आपल्या वजनावर इतके विनोद करायची की त्यासाठी चिमाआत्या घरची घरी असताना पैसे भरून ती वाहिनी कोण बघणार.

फोनवर निराशा झाली तशी तिनं रत्नागिरीतच शोध घेतला. मिरकरवाड्याला बंदरावर एक मासेवाली बसायची, सानिकाहून सहज वीस किलोंनी थोराड, मांडी ठोकून, हातात कोयता, आणि आवाज असा की समोरचं गिऱ्हाईक आपोआप पिशवी पुढे करी. सानिका दोन रविवार लांबून तिच्याकडे बघत राहिली. काय तो रुबाब, काय ते बसणं. तिसऱ्या रविवारी धीर करून अर्धा किलो सुरमई घेतली आणि विचारलंच की मावशी, तुम्हाला कधी लाज नाही वाटत का हो, म्हणजे अंगाची? मासेवालीनं कोयता थांबवला. म्हणाली, माझे दोन्ही गुडघे गेलेत, शौचाला बसता येत नाय, आणि तू मला लाजेचं विचारतेस? तुकडे जाड करू की बारीक ते सांग.

सानिका तुकडे घेऊन घरी आली. आदर्श माणसाला आदर्श व्हायला वेळ असावा लागतो, एवढं तिला कळलं.

इकडे चिमाआत्याची मोहीम सुरू झालेली. तिचं म्हणणं साधं होतं: देवीसमोर जायचं ते अंग हलकं करून जावं, चारचौघांत घराण्याची शोभा नको. दिवाळीच्या पाडव्यापासून शिमग्यापर्यंत चार महिने. ईशानं एक तक्ता आणून सानिकाच्या फ्रिजवर चिकटवला. वरच्या टोकाला सत्त्याण्णव, खालच्या टोकाला ऐंशी, मधे रविवारच्या तारखा. दर रविवारी सकाळी आत्या आणि ईशा येणार, ईशाच्या पिशवीत काचेचा डिजिटल काटा, स्वयंपाकघरात ओट्यापाशी तो मांडायचा, त्यावर सानिकानं उभं राहायचं, ईशानं आकडा लिहायचा, आत्यानं सुस्कारा सोडायचा.

पहिला रविवार सत्त्याण्णव. दुसरा सत्त्याण्णव. तिसऱ्या रविवारी आत्या म्हणाली, ही पोर माझ्या भावाचं नाव बुडवणार. चौथ्या रविवारी सानिका काट्यावर उभी राहिली, आणि खरं सांगायचं तर तिनं ठरवून काही केलं नाही. पाठीमागे ओटा होता. हात मागे गेला, तळवा ओट्यावर टेकला, थोडा दाब पडला. आकडा पंचाण्णव आला. ईशानं टाळ्या वाजवल्या. आत्यानं जन्मात पहिल्यांदा सानिकाच्या पाठीवरून हात फिरवला.

मग काय विचारता. दर रविवारी ओटा होताच, तळवा होताच. त्र्याण्णव, एक्क्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. पदर पाठीवरून असा सोडायचा की हात दिसू नये. फेब्रुवारीत तर आकडा ब्याऐंशीवर आला. चार महिन्यांत सानिकाचं वजन उतरलं नाही, उजवं मनगट मात्र असं झालं की कचेरीतली न उघडणारी लोखंडी कपाटं साहेब तिच्याकडून उघडून घेऊ लागले. आणि गंमत बघा, तिला आधीपेक्षा कोणी बारीक म्हणेना असं नाही. सगळे म्हणाले. कचेरीतल्या बायका म्हणाल्या, गाल बसले गं. शेजारीण म्हणाली, चेहऱ्यावर तेज आलं. जे डोळे तेहतीस वर्षं तिच्या अंगावरचा तोळा तोळा टिपत होते, त्यांना सोळा किलोंचा फरक कळला नाही. तक्ता बघितला, पुरे झालं.

सोळा किलो, कारण शिमग्याच्या आठ दिवस आधी ती औषधाच्या दुकानातल्या काट्यावर, आजूबाजूला टेकायला काही नसताना, उभी राहिली. अठ्ठ्याण्णव भरली. भुकटी पिऊन एक किलो वाढला होता.

त्याच संध्याकाळी चिमाआत्यानं फोन करून सांगितलं की गुळाची सोय झाली. दहा किलोंच्या आठ ढेपा आणि दोन किलो सुटा. ब्याऐंशी बरोबर. आत्या खुशीत होती. जास्तीचा मागवून कशाला देवीपुढे अपशकुन करायचा, म्हणाली, आकडा मनात धरला की तसंच होतं.

सानिकानं त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. फोन ठेवला आणि खुर्चीत बसली. आता नुसतं जाड म्हणून नव्हे, खोटारडी म्हणूनही ती गावासमोर तोलली जाणार होती, तेही देवीच्या पालखीपुढे. रात्री तिनं पुन्हा फोनवर शोधलं. जगात इतक्या बायकांनी इतकं धीराचं बोलून ठेवलंय. पण काट्याच्या फळीवर बसलोय आणि गूळ कमी पडलाय, अशा वेळी काय करायचं, ते एकीनंही सांगितलं नव्हतं.

शिमग्यासाठी सगळे गावच्या घरी गेले. नवसाच्या दिवशी सकाळी सानिकानं शेवटचा उपाय काढला. तिनं आईला मागीलदारी न्हाणीपाशी गाठलं आणि हळूच सांगितलं की अडचण आलीय, मला बाहेर बसावं लागेल, पालखीसमोर जाता येणार नाही. या एका कारणापुढे चिमाआत्याचंही काही चालत नाही. यासाठी बायकांनी त्या चार दिवसांचे आभार मानायला हवेत.

कमळा चुलीवरचं पाणी काढत होती. ती थांबली. तिनं लेकीकडे नीट बघितलं. आईला महिन्याच्या तारखा माहीत असतात.

"नको बसूस," कमळा म्हणाली. "मी सांगते चिमावन्संना. तू लाजशील म्हणून तर मी देवीला एवढी वर्षं ताटकळत ठेवली. अजून ठेवीन."

सानिकाला काही कळेना. मग कमळा पाण्याचं पातेलं खाली ठेवून बोलली. पहिली चार-पाच वर्षं ती मुद्दामच थांबली होती. अजून थोडी भरू दे, अजून जरा अंग धरू दे, मग फेडू, असं म्हणत. नंतर सानिका गावच्या शाळेत गेली आणि पहिल्याच आठवड्यात रडत घरी आली, पोरं तिला ढेप म्हणाली म्हणून. त्या दिवशी कमळानं मनात ठरवलं की गुळाची तुला आता नको. देवीला काय, देवी समजून घेईल. पोर नाही घेणार.

कमळा ही अशी बाई होती की जिनं चार वाक्यं सलग बोललेली सानिकानं फारशी ऐकली नव्हती. आणि आता तिच्या लक्षात आलं की आणखी एक गोष्ट तिनं कधी ऐकली नव्हती. आईनं तिला आजवर एकदाही कमी खा म्हटलं नव्हतं. आत्या ओरडायची, शेजारी सल्ले द्यायचे, ईशा तक्ते चिकटवायची, आणि आई गुपचूप ताटात आणखी एक घावन सोडून निघून जायची. सानिका तिला बावळट समजत आली होती. आईला आपलं काही पडलेलं नाही, असंही तिला कितीदा वाटलं होतं.

"आई, मी ब्याऐंशी नाहीये," ती म्हणाली. "मी ओट्याला टेकत होते. मी अठ्ठ्याण्णव आहे."

कमळाच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. सानिकाला ते आधी ओळखताच येईना, कारण आपल्या वजनाच्या आकड्यानंतर समोरच्या तोंडावर तिनं ते कधी बघितलं नव्हतं. कौतुक होतं ते. उघडं, निखळ कौतुक, मुलगा पहिला आल्यावर येतं तसं.

"अठ्ठ्याण्णव," कमळा म्हणाली. "दीड किलोची होतीस गं."

सानिकाला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन आलं. मग तिनं न्हाणीत जाऊन तोंड धुतलं, आईची जांभळी नऊवारी मागून घेतली आणि नेसली.

सहाणेवर गर्दी मावत नव्हती. ढोल थांबले होते, पालखी टेकलेली होती, देवीची रूपं, म्हणजे मुखवटे लावून फुलांनी मढवलेली. बाजूला तीन वासे वर एकत्र बांधून त्याला वखारीचा काटा टांगला होता. दोन्हीकडे साखळ्यांना जाड फळ्या. एका फळीवर लाल फडकं अंथरलेलं. चिमाआत्या ठेवणीतली पैठणी नेसून ढेपांजवळ पहाऱ्याला उभी होती. ईशाच्या हातात फोन होता. 'नवी मी' ग्रुपला ती हा सोहळा दाखवणार होती, चार महिन्यांत पंधरा किलो, भुकटीच्या डब्यासह.

सानिका फळीवर जाऊन मांडी घालून बसली. फळी जमिनीला टेकली. गर्दीतून कुठून तरी कोणी खिदळलं. तिनं मान खाली घातली नाही, पण खरं म्हणजे कुठं बघावं तेही तिला कळत नव्हतं, म्हणून ती आईकडे बघत राहिली.

गाऱ्हाणं घालायला केरू गुरव पुढे झाला. त्यानं कमळाला विचारलं की मूळ बोलणं काय होतं, शब्द जसेच्या तसे सांग, नाहीतर देवीला पोचत नाही. कमळानं त्याच्या कानात सांगितलं. केरूनं एकदा तिच्याकडे, एकदा सानिकाकडे बघितलं, घसा साफ केला आणि पालखीसमोर हात जोडून मोठ्यानं सुरुवात केली.

"हे आई नवलाई, बारा वाडीचे मालकिनी, ह्या तुझ्या लेकरानं कमळानं तुला बोलल्यालं हाय..."

"व्हय म्हाराजा," सगळं गाव ओरडलं, रीत असते तसं.

"की माझे पोरीच्या हाडावर मास चढू दे. लोकांचे डोळ्यात भरंल असा चढू दे..."

"व्हय म्हाराजा."

"जितका चढवशील तितका गूळ तुझा. तर आई, तू दिलंस, हातचं राखून दिलं नाय, आता ते गोड मानून घे..."

"व्हय म्हाराजा."

चार-पाचशे माणसं. त्यात तिला ढेप म्हणणारी पोरं होती, आता त्यांची पोटं सुटलेली आणि टक्कल पडलेलं. त्यात दोन स्थळं होती, मुलगी जरा अंगानं जास्त आहे म्हणून परत गेलेली. त्यात चिमाआत्या होती. सगळ्यांनी घसा फोडून होकार दिला होता. गाऱ्हाण्यात शब्द काय आहेत ते कोण ऐकतो म्हणा. पण सानिकानं ऐकले. आपण या देवीच्या हातून चुकून जास्त झालेला पदार्थ नाही. आपल्याला मागून घेतलंय. तिला एकदम हसू फुटलं, आणि ते या वेळी कोणाच्या आधी हसायचं म्हणून नव्हतं.

ढेपा चढू लागल्या. एक, दोन, तीन. पाचव्या ढेपेला काटा जरासा कुरकुरला. आठवी चढली, फळी जमिनीवरच. सुटा दोन किलो ठेवला. फळी जमिनीवरच. केरूनं साखळी हलवून बघितली, काटा अडकलाय का पाहिलं. चिमाआत्या म्हणाली, वखारवाल्याचा काटाच खोटा. ईशानं पिशवीतून भुकटीचा नवा डबा काढून घाईघाईनं गुळावर ठेवला. केरूनं तो दोन बोटांनी उचलून परत दिला आणि सांगितलं की देवीला गूळ बोललाय, औषध नाही.

गर्दीत कुजबूज वाढली. नवस अर्धा राहिला तर अपशकुन, आणि बसलेल्या माणसानं तोल साधल्याशिवाय उठायचं नसतं. ईशा फोन खाली करून सानिकाकडे बघत होती. तिला कळलं होतं. दर रविवारी ती समोरच तर उभी असायची.

"काटा खरा आहे," सानिका म्हणाली. तिचा आवाज मासेवालीइतका नाही, पण बऱ्यापैकी मोठा निघाला. "मी अठ्ठ्याण्णव किलो आहे. सोळा किलो कमी पडतोय. घरात असेल तो गूळ घेऊन या. मी बसलेय."

चिमाआत्याचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मग केरूनं, त्याला पुढे पालखी नाचवायची घाई होती, सगळ्यांना आठवण करून दिली की तुलेचा गूळ प्रसाद म्हणून घरटी वाटायचा आहे. ऐंशी उंबरे, अठ्ठ्याण्णव किलो.

एवढं ऐकलं आणि गावाचं मन बदललं. एखादं मन इतक्या झटपट बदललेलं सानिकानं दिल्लीच्या बाईचंही पाहिलं नव्हतं. बायका धावल्या. पुरणपोळ्या कालच झाल्या होत्या, उरलेला गूळ डब्यांतून, वाट्यांतून, वर्तमानपत्राच्या पुड्यांतून येऊ लागला. पाव किलो द्यायचा आणि सव्वा किलो न्यायचा, कोण सोडतंय. एक म्हातारी फळीजवळ येऊन सानिकाच्या गालाला हात लावून म्हणाली, कशी भरल्या कणगीसारखी आहे लेक, कोणाची दृष्ट नको लागायला. हीच म्हातारी गणपतीत म्हणाली होती की हिला खुर्ची देऊ नका, मोडेल.

आणि सानिका बसून होती. पाव तास, अर्धा तास. ऊन वर आलं होतं. लोक तिच्यापुढून ये-जा करत होते, गूळ ओतत होते, फळीकडे वाकून बघत होते, आणि तिला काहीच होत नव्हतं. चार महिने जगभर जिला शोधली, ती काट्यावर मान वर करून बसलेली जाड बाई अखेर दिसली होती. तिच्या ओळखीचीच निघाली.

शेवटी काटा कुरकुरला, फळी जमिनीपासून वीतभर सुटली आणि सानिका अधांतरी झुलली. ढोल वाजले. कमळानं कनवटीला बांधून आणलेला गुळाचा एक खडा वर ठेवला आणि कपाळ टेकून नमस्कार केला, तो देवीला होता की लेकीला हे गर्दीत कोणाला कळलं नाही. चिमाआत्यानं मात्र तेवढ्यात दोन बायकांना गाठून सांगायला सुरुवात केली होती की आमच्या घराण्यात पहिल्यापासून अंगापिंडानं भक्कमच माणसं.

प्रसाद वाटायला झुंबड उडाली तशी सानिका पाय मोकळे करायला देवळाच्या मागच्या बाजूला गेली. तिथं पायरीवर ईशा बसली होती. मांडीवर वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर मूठभर गूळ. ती खात होती. हळू नव्हे. डोळे मिटून, बोटं चोखून, पाच वर्षांचं एकदम. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

सानिकाला बघून ती दचकली. कागद लपवायला गेली, गूळ सांडला.

"सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना सांगू नका हं, ताई."

सांगायचं म्हटलं तर हीच वेळ होती. चार महिन्यांचे रविवार होते, फ्रिजवरचा तक्ता होता, तेहतीस वर्षांचं 'ईशाकडे बघ' नसलं तरी गेल्या पाच वर्षांचं नक्की होतं. देवळाच्या कोपऱ्यावरून चिमाआत्याची हाक ऐकू आली, ईशा कुठं गेली, ईशाला बघितलंत का कोणी. पैठणीची सळसळ जवळ येत होती.

सानिकानं आपल्या वाट्याच्या गुळातला मोठा खडा ईशाच्या हातात दिला. मग वळून पायरीसमोर उभी राहिली, पदर सोडून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, ऐसपैस. चिमाआत्या कोपऱ्यावर आली. तिनं इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

तिला सानिकाशिवाय काही दिसलं नाही.